दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाचा मेंदू

प्रश्न : माझी सून एकतिसाव्या आठवड्यातच बाळंत झाली. नातू दीड किलोही भरला नव्हता. तीन आठवडे काचेच्या पेटीत ठेवून आता त्याला घरी सोडणार आहेत. मेंदूची वाढ नीट व्हावी म्हणून टाळू भरावी का? गुटी कधी सुरू करावी?
– एक आजी, कोल्हापूर

उत्तर : आजी, दोन्ही नको. टाळूवर घातलेले तेल मेंदूपर्यंत पोचत नाही. सहाणेवर उगाळलेल्या गुटीतून मात्र जंतुसंसर्ग होऊ शकतो, आणि अशा बाळांत जंतुसंसर्गाची झळ मेंदूलाही बसते. सहा महिने पूर्ण होईपर्यंत आईचे दूध आणि डॉक्टरांनी लिहून दिलेले थेंब, एवढेच द्यावे. धुरीही टाळावी.

एकतीस आणि पेटीतले तीन धरून नातू आता चौतिसाव्या आठवड्यात आहे. या आठवड्यात मेंदूचे वजन पूर्ण दिवसांच्या बाळाच्या तुलनेत साधारण ६५ टक्केच असते. म्हणजे पोटात व्हायची राहिलेली वाढ आता तुमच्या घरात व्हायची आहे, आणि तिला सर्वांत जास्त गरज ऊब, दूध व शांत झोप यांची आहे. यासाठी कांगारू केअरइतका चांगला उपाय घरी दुसरा नाही. बाळाला फक्त टोपी, मोजे व लंगोट घालून आईच्या उघड्या छातीवर उभे धरावे, मान एका बाजूला वळवून किंचित वर ठेवावी म्हणजे श्वास मोकळा राहतो, पाय बेडकासारखे दुमडावेत आणि वरून सुती साडीने सैल नव्हे, पण श्वास घेता येईल असे बांधावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये ही सेवा दिवसाकाठी ८ ते २४ तास देण्याची शिफारस केली आहे. एकट्या आईला हे कसे झेपेल? तेव्हा बाळाचे वडील आणि तुम्हीही पाळी घ्या. पाहुण्यांची वर्दळ व टीव्हीचा आवाज मात्र काही महिने बंदच ठेवा.

डोळ्यांच्या पडद्याची तपासणी जन्मापासून ३० दिवसांच्या आत झाली पाहिजे, म्हणजे तुमच्या हातात जेमतेम आठवडा आहे. ती चुकवू नका. कानांची तपासणीही करून घ्या. मान धरणे, हसणे यांचा हिशेब करताना वयातून नऊ आठवडे वजा करावेत, शेजारच्या बाळाशी तुलना करू नये.

बाळ दूध ओढेनासे झाले, अंग गार पडले, ओठ निळसर झाले, श्वास थांबत असला किंवा झटके आले, तर सकाळची वाट न पाहता कोल्हापूरच्या सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) या सरकारी रुग्णालयात किंवा जवळच्या नवजात शिशू कक्षात न्यावे.