"आई, अधिक करू की वजा?"

प्रश्न : माझा मुलगा चौथीत आहे. पाढे पाठ आहेत, उभी मांडणी करून दिली की गणित बिनचूक सोडवतो. पण शाब्दिक उदाहरण आलं की वही पुढे करून विचारतो, "आई, अधिक करू की वजा?" परवाचं उदाहरण असं होतं : नेहाकडे २४ गोट्या आहेत. त्या अमितच्या गोट्यांपेक्षा ६ने जास्त आहेत, तर अमितकडे किती? त्याने ३० लिहिलं. "जास्त म्हणजे बेरीज, असं तूच सांगितलंस ना!" म्हणाला. काय करावं?

उत्तर : ताई, "जास्त म्हणजे बेरीज" हे आधी मागे घ्या, आणि तसं त्याला स्पष्ट सांगा. मीसुद्धा वर्गात असा तक्ता लावला होता : 'एकूण' म्हणजे बेरीज, 'उरले' म्हणजे वजाबाकी, 'प्रत्येकी' म्हणजे भागाकार. मुलांना तो फार आवडायचा, कारण उदाहरण नीट वाचायचं काम वाचायचं. एकदा एका मुलीची वही तपासताना दिसलं, तिने 'जास्त'खाली इतकी दाबून रेघ मारली होती की मागच्या पानावर वळ उठला होता. खाली चुकीची बेरीज. तुमच्या मुलाची चूक हीच. त्या दिवशी मी तक्ता काढला.

आता तेच उदाहरण २४ आणि ६वर बोट ठेवून, आकडे झाकून त्याला वाचायला लावा. मग एवढंच विचारा : गोट्या कोणाकडे जास्त? तो "नेहाकडे" म्हणेल. म्हणजे अमितकडे कमी. हे त्याच्या तोंडून येईपर्यंत पेन्सिल हातात देऊ नका. मग दोन पट्ट्या काढायला सांगा, नेहाची लांब, अमितची आखूड. लांब पट्टीचा जो भाग पुढे आलाय, त्यावर ६ लिहायचे, अख्ख्या लांब पट्टीवर २४. आखूड पट्टी किती, हे आता चित्रातच दिसतं : २४ - ६ = १८. शेवटी १८ उदाहरणात घालून पुन्हा वाचायचं. अमितकडे १८, नेहाकडे त्याहून ६ जास्त, म्हणजे २४. जुळलं. ३० घालून वाचलं असतं तर नेहाकडे ३६ झाल्या असत्या, चूक तिथल्या तिथे सापडली असती. हा पडताळा मुलं हमखास गाळतात.

आकडे दिसले की काहीतरी करायचंच, ही सवय फार खोल असते. १९७९च्या सुमारास फ्रान्समधल्या ग्रनोबल इथे लहान मुलांना विचारलं होतं : जहाजावर २६ मेंढ्या आणि १० बकऱ्या आहेत, तर कप्तानाचं वय किती? ९७पैकी ७६ मुलांनी दिलेले आकडे वापरून वय काढून दिलं! ती मुलं ढ नव्हती. गणिताला उत्तर असतंच, एवढं ती शिकली होती.

पुढे दोन पायऱ्यांची उदाहरणं येतील. २४० पानांचं पुस्तक. पहिल्या दिवशी एक चतुर्थांश वाचलं, दुसऱ्या दिवशी उरलेल्या पानांपैकी एक तृतीयांश. किती पानं राहिली? इथे सगळी मेख 'उरलेल्या' या शब्दात आहे. पहिल्या दिवशी ६० पानं झाली, उरली १८०. तृतीयांश या १८०चा घ्यायचा, म्हणजे ६०. राहिली १२०. घाईत मुलं २४०चाच तृतीयांश घेऊन ८० काढतात आणि १०० पानं उरवतात. म्हणून प्रत्येक आकड्यापुढे तो कशाचा, हे दोन शब्दांत लिहायला लावा : '१८० उरलेली पानं'. नुसता '१८०' चालवून घेऊ नका.

आणि आठवड्यातून एकदा उलटं करा. त्याला फक्त २४ - ६ द्या आणि त्यावर उदाहरण रचायला सांगा, अट एकच : त्यात 'जास्त' हा शब्द आलाच पाहिजे. ते तुम्ही सोडवायचं, आणि तपासायचं त्याने.