लेखांमुळे पक्षकार येतात का?

सप्रेम नमस्कार,

फर्मच्या वेबसाइटवर लेख लिहिले तर पक्षकार येतील का, हा तुझा प्रश्न. येतात, पण लेख वाचून लगेच कुणी वकीलपत्र देत नाही. कुणीतरी तुझं नाव सुचवतं, माणूस ते शोधतो, तुझा लेख वाचतो आणि मग फोन करतो. लेखाचं काम एवढंच, आणि ते थोडं नाही.

आधी नियम बघ. अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयाच्या 1977 च्या बेट्स निकालानं वकिलांना जाहिरातीची वाट मोकळी झाली. भारतात बार कौन्सिल या वकिलांच्या नियामक संस्थेचा नियम 36 जाहिरातीला मनाई करतो. 2008 मध्ये वेबसाइटची मुभा मिळाली, तीही नाव-पत्ता, नोंदणी, पात्रता आणि कामाचं क्षेत्र एवढ्यापुरती. तेव्हा लेखात निव्वळ माहिती दे. ‘आजच संपर्क साधा’ नको, जिंकलेल्या खटल्यांची यादीही नको.

विषय कलमावरून नको, पक्षकाराच्या तोंडच्या प्रश्नावरून निवड. चेक न वटण्याबद्दलच्या कलमावर ‘कलम 138 : एक विवेचन’ लिहिलंस तर वकीलच वाचतील (तेही अर्धवट). ‘चेक परत आला, नोटीस किती दिवसांत द्यायची?’ हे ज्याचे पैसे अडकलेत तो वाचेल. उत्तर वरच दे: बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस, ती मिळाल्यावर समोरच्याला पैसे द्यायला 15 दिवस, तरी न दिल्यास पुढच्या एका महिन्यात तक्रार. मग कागद सांग: मूळ चेक, चेक परत केल्याचा बँकेचा मेमो, नोटिशीची प्रत, पोचपावती.

शिळा लेख मात्र घात करतो. याच नोटिशीची मुदत 2002 च्या दुरुस्तीआधी 15 दिवस होती. ती वाढली म्हणून बरं. एखादी मुदत घटली आणि तुझा लेख जुनाच आकडा सांगत राहिला, तर वाचणाऱ्याचा दावा बुडेल. प्रत्येक लेखावर तपासणीची तारीख आणि तपासणाऱ्या वकिलाचं नाव हवं. दर सहा महिन्यांनी दहा लेख तपासून होतात, शंभर होत नाहीत.

खरी गफलत होते ती लेखाखालच्या फॉर्ममध्ये. ‘अडचण सविस्तर लिहा’ म्हटलं की अनोळखी माणूस सगळं ओतून मोकळा होतो, आणि त्याचा विरुद्ध पक्ष तुझ्याच फर्मचा पक्षकार निघतो. वाचलेलं विसरता येत नाही. हातातलं कामही सोडावं लागू शकतं. म्हणून तिथे फक्त त्याचं नाव, समोरच्याचं नाव आणि प्रकरणाचा प्रकार विचार. हितसंबंध तपासून झाल्यावरच कागद मागव.

पहिल्या भेटीच्या नोंदीत ‘आमचं नाव कुठून कळलं?’ असा एक रकाना ठेव. वर्षभरात त्यात एकदाही लेखाचा उल्लेख आला नाही, तर विषय बदल.