बीसीजीनंतर गाठ परतली. ट्रायल शोधावी का?

प्रश्न : वडील ६८ वर्षांचे. मूत्राशयाचा कॅन्सर. दुर्बिणीतून गाठ काढली, मूत्राशयात बीसीजी हे औषध सोडलं. आता पुन्हा हाय ग्रेड (जास्त आक्रमक) गाठ निघाली. डॉक्टर मूत्राशय काढायला सांगतात, वडील नको म्हणतात. ट्रायल (नव्या उपचाराची चाचणी) कशी शोधायची? त्यांच्यावर नुसते प्रयोग तर होणार नाहीत ना?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आधी बीसीजीचा हिशेब कागदावर आणा, कारण बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं. या टप्प्यावरच्या बऱ्याच ट्रायलना ‘बीसीजी-अनरिस्पॉन्सिव्ह’ (बीसीजी पुरेसं देऊनही लागू न पडलेले) रुग्ण हवे असतात. म्हणजे पहिल्या सहापैकी किमान पाच डोस, त्यानंतर मेन्टेनन्सच्या (परिणाम टिकवण्यासाठी नंतर देतात त्या) तीनपैकी दोन तरी झालेले. आणि शेवटच्या डोसनंतर हाय ग्रेड गाठ सहा महिन्यांत किंवा सीआयएस (अस्तरातच पसरलेला, सपाट हाय ग्रेड कॅन्सर) बारा महिन्यांत दिसलेला. डिस्चार्ज कार्डावर नुसतं ‘बीसीजी पूर्ण’ लिहिलेलं चालत नाही, प्रत्येक डोसची तारीख लेखी घ्या. बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये स्नायूचा थर तपासल्याचा उल्लेख आहे का, तेही बघा. तो थर नमुन्यात आलाच नसेल, तर आजार किती खोल गेलाय हे ठरत नाही आणि पुन्हा टीयूआरबीटी (दुर्बिणीतून गाठ काढण्याची शस्त्रक्रिया) करावी लागू शकते. पॅथॉलॉजी लॅबमधले पॅराफिन ब्लॉकही (मेणात जपलेले गाठीचे नमुने) मागून ठेवा.

मग आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) सीटीआरआय या ऑनलाइन नोंदवहीत ट्रायल शोधा. भारतातल्या ट्रायलची नोंद तिथे १५ जून २००९ पासून सक्तीची आहे. नुसतं ‘ब्लॅडर कॅन्सर’ टाकून थांबू नका. ‘युरोथेलियल’ (मूत्राशयाच्या अस्तराचा) आणि ‘एनएमआयबीसी’ (स्नायूत न शिरलेला मूत्राशयाचा कॅन्सर) हेही शब्द इंग्रजीत टाकून बघा. प्रत्येक नोंदीत केंद्रांची यादी आणि तिथल्या डॉक्टरांचा फोन असतो. ‘भरती सुरू’ दिसलं तरी फोन केल्याशिवाय निघू नका, नोंदी मागे पडलेल्या असतात.

प्रयोगाच्या भीतीबद्दल : संमतीपत्र मराठीत मागा, घरी आणून वाचा, सही केल्यावरही कधीही बाहेर पडता येतं. २०१९ च्या नियमांनुसार ट्रायलमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई मिळते. रुग्णांच्या हितासाठी ट्रायलवर नजर ठेवणाऱ्या एथिक्स कमिटीचा फोन संमतीपत्रातच असतो. प्रवासखर्च आणि जादा स्कॅनचे पैसे कोण देणार, हे मात्र आधीच विचारून घ्या.

आमची खरी काळजी वेगळीच आहे. एका ट्रायलमध्ये बीसीजी लागू न पडलेल्या, सीआयएस असलेल्या ९६ रुग्णांना पेम्ब्रोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध दिलं, त्यात ४१ टक्क्यांमध्ये आजार दिसेनासा झाला. पण त्यातल्याही निम्म्याहून कमी जणांत हा परिणाम वर्षभर टिकला. हाय ग्रेड आजार वाट बघत बसत नाही आणि स्नायूत शिरला की बरं होण्याची शक्यता घटते. म्हणून ट्रायल शोधतानाच सर्जनची भेट घ्या, ऑपरेशन किती आठवडे थांबू शकतं ते स्पष्ट विचारा. ट्रायलमध्ये गेलात, तर कोणत्या सिस्टोस्कोपीत (मूत्राशयाच्या दुर्बिणीच्या तपासणीत) काय दिसलं की औषध थांबवून मूत्राशय काढायचं, हे वडिलांसमोर आधीच ठरवून घ्या.