अल्फा-हिमोलायसिनचं छिद्र इतकं अरुंद, मग हिमोग्लोबिन बाहेर येतं कुठून?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात एमएस्सीचा प्रकल्प करताय, स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जिवाणूचं, पेशींच्या आवरणाला छिद्र पाडणारं विष, म्हणजे विकत आणलेलं शुद्ध अल्फा-हिमोलायसिन वापरताय. छिद्राची सगळ्यात अरुंद जागा जेमतेम १.५ नॅनोमीटर, हिमोग्लोबिनचा रेणू साधारण ५.५ नॅनोमीटर. मग ट्यूब लाल कशी होते, आणि बोकडाच्या रक्तावर आकडे का येत नाहीत?

हिमोग्लोबिन त्या छिद्रातून येतच नाही. तांबडी पेशी फुटते आणि मग ते सांडतं. छिद्रातून पोटॅशियम बाहेर जातं, सोडियम आणि क्लोराइड आत येतात. हिमोग्लोबिन मात्र आतच अडकलेलं, त्यामुळे आत विरघळलेल्या पदार्थांचं पारडं जड राहतं आणि पाणी आत शिरत राहतं. भिजत घातलेल्या मनुकेसारखी पेशी टम्म फुगते. फरक इतकाच की मनुकेची साल ताणली जाते, पेशीचं आवरण फारसं ताणत नाही.

हे स्वतः तपासता येतं. बफरमध्ये ३० मिलिमोलर पीईजी ४००० (पॉलिइथिलीन ग्लायकॉल, एक लांब साखळीचा रेणू) घाला. हा रेणू छिद्रात मावत नाही, त्यामुळे बाहेरच राहून आतल्या हिमोग्लोबिनचा तोल सांभाळतो आणि पेशी फुटत नाहीत. तितकीच साखर (सुक्रोज) घातली तर बचाव होत नाही, कारण ती छिद्रातून सहज आत जाते. पण पीईजीने हिमोलिसिस (तांबड्या पेशी फुटणं) थांबलं म्हणजे विष निकामी झालं असं लिहू नका. छिद्रं आहेतच, पोटॅशियम गळतंच आहे.

आता रचना. १९९६ साली तिचा १.९ अँगस्ट्रॉमचा (१० अँगस्ट्रॉम म्हणजे १ नॅनोमीटर) स्फटिक-नकाशा प्रसिद्ध झाला. एकेक प्रथिन २९३ अमिनो आम्लांचं, सुमारे ३३ किलोडाल्टन, पाण्यात विरघळणारं. असे सात जण पेशीवर गोल कडं करतात. देठाचा भाग तोवर घडीच्या छत्रीसारखा अंगाशी दुमडलेला असतो. कडं पुरं झाल्यावर प्रत्येक जण दोन-दोन बीटा पट्ट्या खाली सोडतो आणि १४ पट्ट्यांचं नळकांडं आवरणात घुसतं. पट्टीतली अमिनो आम्लं एकाआड एक: पाण्याशी जमणारं आतल्या बाजूला, चरबीशी जमणारं बाहेर. सगळा आकार अळंबीसारखा, उंची १०० अँगस्ट्रॉम. ३५व्या जागेवरच्या हिस्टिडिनऐवजी ल्युसिन असलेलं प्रथिन पेशीला चिकटतं, पण चालू छिद्र बनवत नाही. मिळालं तर याच्याइतका चांगला निगेटिव्ह कंट्रोल (जिथे परिणाम दिसायलाच नको असा तुलनेचा नमुना) नाही.

कडं तयार झालं का हे एसडीएस जेलवर (प्रथिनं आकारानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर) दिसतं. नमुना न उकळता चालवला तर पट्टा खूप वर अडकतो, उकळला की खाली ३३ किलोडाल्टनला येतो. सवयीने सगळेच नमुने उकळले की हा पुरावा हातचा जातो.

रक्ताचं म्हणाल तर ससा हवा. सशाच्या तांबड्या पेशी या विषाला अतिसंवेदनशील. माणसाच्या पेशी फोडायला शेकडो पट विष लागतं. मटणाच्या दुकानातलं बोकडाचं रक्त सहज मिळतं, पण या कामाला ते नको. सशाच्या रक्तासाठी कॉलेजच्या प्राणी-नैतिकता समितीची परवानगी आधी घ्या, त्यात वेळ जातो.

पेशी पीबीएसने (फॉस्फेटचं खारं बफर, पीएच ७.४) तीनदा धुवा, दर वेळी सेंट्रिफ्यूजमध्ये ५०० जीवर ५ मिनिटं. तिसऱ्या धुण्यातही वरचं पाणी गुलाबी असेल तर रक्त शिळं आहे, टाकून द्या. २ टक्के सस्पेन्शन करा. व्ही-तळाच्या ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये विषाचं दुपटीने विरलीकरण, प्रत्येकी १०० मायक्रोलिटर. त्यात तितकंच सस्पेन्शन. ३७ अंशांवर ४५ मिनिटं, मग सेंट्रिफ्यूज, वरचं द्रव ५४० नॅनोमीटरवर वाचा. शून्य टक्के फुटण्यासाठी नुसतं पीबीएस, शंभर टक्क्यांसाठी १ टक्का ट्रायटन (पेशी फोडणारा साबणासारखा पदार्थ). विरलीकरणाच्या बफरमध्ये ०.१ टक्का बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रथिन) घाला, नाहीतर विष प्लास्टिकला चिकटतं आणि शेवटचे खळगे खोटं बोलतात. पुण्यात एप्रिल-मेमध्ये एसी बंद असला तर प्लेट टेबलावर ठेवून चहाला जाऊ नका, शून्याचा खळगाही लालसर होतो.

शुद्ध विषाऐवजी जिवाणूंच्या वाढीचं गाळलेलं द्रव वापरणाऱ्यांची आणखी एक फसगत होते. मेंढीच्या रक्तावर त्यातलं बीटा-हिमोलायसिन काम करतं. ते छिद्र पाडत नाही, आवरणातली स्फिंगोमायलिन नावाची चरबी तोडतं, आणि प्लेट ३७ अंशांवरून फ्रीजमध्ये गेल्यावरच पेशी फुटतात.

केंद्रक असलेल्या पेशींची गोष्ट वेगळी. तिथे विष एडॅम१० या प्रथिनाला धरतं, त्याची कात्री चालू होते आणि पेशींना एकमेकींशी जोडणारं ई-कॅडहेरिन कापलं जातं. म्हणजे त्वचेच्या किंवा फुप्फुसाच्या अस्तराची शिवणच उसवते, पेशी मेलेली नसतानाही. मॅक्रोफेजमध्ये (जंतू गिळणाऱ्या पेशींत) पोटॅशियम घटलं की एनएलआरपी३ हे धोका ओळखणारं प्रथिन जागं होतं, कॅस्पेज-१ हे विकर चालू होतं आणि आयएल-१ बीटा हा दाहाचा संदेश बाहेर पडतो. म्हणून नुसत्या एलडीएच (पेशीच्या आतलं एक विकर) चाचणीवर विसंबू नका: एलडीएच १४० किलोडाल्टनचं, तेही या छिद्रातून येत नाही, पेशी फुटल्यावरच दिसतं. माध्यमात सोडियम क्लोराइडच्या जागी १३० मिलिमोलर पोटॅशियम क्लोराइड घेऊन एक संच चालवा. त्यात आयएल-१ बीटाचं प्रमाण घटलं, तर कारण पोटॅशियमची गळती.