‘फिटनेस लँडस्केप’ आणि प्रस्तार

डिजिटल सर्किटे उत्क्रांतीच्या पद्धतीने, म्हणजे थोडे थोडे बदल करत आणि सरस ठरतील ती राखत, रचण्याविषयी लिहिताना ‘फिटनेस लँडस्केप’ला, म्हणजे प्रत्येक शक्य रचनेला तिच्या गुणवत्तेइतकी उंची देऊन कल्पिलेल्या नकाशाला, ‘तंदुरुस्तीचे भूदृश्य’ म्हणावे का, असा प्रश्न आला आहे.

मुळीच म्हणू नये. ‘तंदुरुस्ती’ हा शब्द फारसीतला आहे. त्यात ‘तन’ म्हणजे शरीर, आणि सर्किटाला शरीर नसते. ‘सर्व्हायव्हल ऑफ द फिटेस्ट’चे ‘सर्वांत बलवान तोच टिकतो’ हे भाषांतरही असेच चुकलेले आहे, कारण इंग्रज विचारवंत हर्बर्ट स्पेन्सरने 1864 मध्ये वापरलेल्या ‘फिटेस्ट’चा अर्थ परिस्थितीला सर्वाधिक अनुरूप असा आहे. सर्किटाच्या बाबतीत त्याची उत्तरे सत्यता कोष्टकातील (आदानांच्या, म्हणजे इनपुटांच्या, प्रत्येक जुळणीसाठी अपेक्षित उत्तर देणाऱ्या तक्त्यातील) किती जागी जुळतात, एवढेच मोजायचे असते; म्हणून ‘अनुरूपता’.

‘लँडस्केप’साठी ‘भूदृश्य’ सुचवणाऱ्या परिभाषाकारांशी माझा खरा मतभेद आहे. त्या शब्दाने डोळ्यांपुढे निसर्गचित्र उभे राहते. आनुवंशिकीतज्ज्ञ सिवॉल राइट यांनी 1932 मध्ये जनुकांच्या असंख्य जुळण्यांसाठी शिखरे आणि दऱ्या कल्पिल्या, त्यांत महत्त्व आहे ते सर्व शक्यतांच्या पसरणीला, आणि त्यासाठी आपल्याकडे ‘प्रस्तार’ हा नेमका शब्द आहे. छंदःशास्त्रात लघु-गुरूंच्या सर्व जुळण्या क्रमाने मांडणे म्हणजे प्रस्तार: तीन अक्षरांचा मांडला की य, म, त, र, ज, भ, न, स हे आठ गण मिळतात, आणि चार अक्षरांचा मांडला की 16 ओळी होतात. लघूच्या जागी शून्य आणि गुरूच्या जागी एक लिहिला की त्याच चार आदानांच्या सत्यता कोष्टकाच्या ओळी झाल्या!

‘पथारी’ याच ‘प्रस्तार’पासून आली, आणि ‘पठार’ही त्याच कुळातले आहे असे माझे मत आहे, ‘स्थान’चे ‘ठाणे’ होते, तर येथे ‘ठ’ येण्यास हरकत का असावी? ‘पठार’ ‘पृष्ठा’कडे ओढणाऱ्यांनी त्यातल्या ‘आर’चा उलगडा आधी करावा. सर्किटांच्या प्रस्तारात पठारेच फार असतात. दोन-दोन बिटांच्या संख्यांचा गुणाकार करणाऱ्या सर्किटाला 16 ओळींत प्रत्येकी चार, म्हणजे 64 उत्तरबिटे जुळवायची असतात. त्यामुळे उंचीच्या, म्हणजे अनुरूपतेच्या, पायऱ्या शून्यापासून 64 पर्यंत अवघ्या 65, आणि सर्किटे मात्र अगणित. साहजिकच शेजारची, म्हणजे एखाद्याच बदलाने वेगळी असलेली, असंख्य सर्किटे एकाच उंचीवर येतात, आणि अनुरूपता न वाढता न घटता शोध त्या सपाटीवरून सरकत नव्या चढापाशी पोहोचतो. अशी तटस्थ वाटचाल उपयोगी पडते, हे वासिलेव्ह आणि मिलर या संशोधकांनी 2000 मध्ये दाखवले. म्हणून ‘अनुरूपता-प्रस्तार’ लिहावे, आणि त्यातील सपाट भागाला निःशंकपणे ‘पठार’ म्हणावे.