इतिहास-भूगोल पाठ केलं तरी विसरते, मुलीला शिकवणी लावावी का?

मुलगी दहावीत, गणित-विज्ञान उत्तम, पण इतिहास-भूगोल रात्री पाठ केलं की सकाळी पाटी कोरी, आणि तुम्ही राहता नागपुरातच, असं लिहिलंय तुम्ही. मी याच शहरात बावीस वर्षं हे दोन विषय शिकवते. माझं मत स्पष्ट आहे: शिकवणी नको. तिला हे दोन्ही विषय एकत्र वाचायला लावा. पुस्तकं दोन, तास दोन, पेपरही वेगळे, त्यामुळे पोरांच्या डोक्यातही दोन कप्पे होतात. मग सीताबर्डीच्या लढाईचं १८१७ हे साल नुसतं लटकत राहतं आणि काळी मृदा म्हणजे नुसती व्याख्या.

मी दरवर्षी नववीच्या पहिल्या आठवड्यात वर्गाला एकच प्रश्न विचारते: आजीच्या गावी रोजच्या जेवणात काय असायचं? काटोल, कळमेश्वरकडची मुलं म्हणतात ज्वारीची भाकर. भंडारा, गोंदियाची म्हणतात भात, दोन्ही वेळा भात. फळ्यावर नागपूर मध्ये ठेवून मी प्रत्येक गावाची फुली मारत जाते. पाच-सात मिनिटांत पश्चिमेला भाकरी आणि पूर्वेला भात असे दोन भाग आपोआप दिसू लागतात. मग विचारायचं, असं का? साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर जो लाव्हा पसरला, त्याची पूर्वेकडची कड आपल्या नागपूरजवळ येते. पश्चिमेला बेसॉल्ट, त्याची झालेली काळी जमीन, तिच्यात पऱ्हाटी, म्हणजे कापूस, आणि ज्वारी. पूर्वेला त्याहून जुने खडक, जास्त पाऊस आणि धानाच्या बांध्या.

एकदा साकोलीकडची एक मुलगी उठून म्हणाली, "मॅडम, आमच्या गावात मामा तलाव आहे." सगळा वर्ग हसला, कोणाचा मामा म्हणून. मामा म्हणजे माजी मालगुजारी. कोहळी समाजाने गोंड राजांच्या काळापासून धानासाठी तलाव बांधले, पुढे ते मालगुजारांकडे, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांकडे होते, स्वातंत्र्यानंतर मालगुजारी गेली आणि नावात 'माजी' लागलं. एका तलावात पाऊस, पीक, महसूल आणि कायदा सगळं आलं. त्या वर्गातल्या एकाही पोराला नंतर मालगुजारी पाठ करावी लागली नाही.

हीच साखळी पुढे न्या. काळ्या जमिनीचा कापूस. १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांपर्यंत पोचेना, तेव्हा इंग्रजांची नजर वऱ्हाडाच्या कापसावर पडली. १८६७ मध्ये मुंबईहून निघालेली रेल्वे वऱ्हाडातून नागपूरपर्यंत आली. १ जानेवारी १८७७ ला जमशेटजी टाटांनी इथे एम्प्रेस मिल सुरू केली. गिरणी मुंबईतच का नाही काढली? हा प्रश्न मुलीला विचारा आणि उत्तर तिलाच शोधू द्या. 'भौगोलिक कारणे लिहा' हा प्रश्न तिला आयुष्यात पुन्हा अवघड जाणार नाही.

सनावळ्यांचं म्हणाल तर थोड्याच ठेवा, पण जागेला बांधून ठेवा. बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीला, उभं राहून पूर्वेला बघायचं: तिकडे महाल, भोसल्यांचं शहर. टेकडीच्या पश्चिमेला रेसिडेन्सी, म्हणजे इंग्रज वकिलाचं ठाणं. मध्ये सीताबर्डीच्या दोन टेकड्या, एक मोठी, एक लहान. नोव्हेंबर १८१७ मध्ये २६ आणि २७ तारखेला लढाई याच टेकड्यांवर का झाली, हे तिथे उभं राहिलं की सांगावं लागत नाही. लहान टेकडी भोसल्यांच्या अरब सैनिकांनी घेतलीही होती, तरी लढाई हरली. हे मी तिथेच, खालच्या रस्त्यावर उभी राहून सांगते. वर्गात सांगितलं तेव्हा इतकी शांतता कधी झाली नाही.

दहावीचा भूगोल भारत आणि ब्राझील असा तुलनेचा आहे. ब्राझील म्हणजे कुठला तरी दूरचा देश, म्हणून मुलं कंटाळतात. मी त्यांना दोन तारखा शेजारी लिहायला सांगते: २१ एप्रिल १९६० ला ब्राझीलने किनाऱ्यावरच्या रिओहून राजधानी हलवून देशाच्या आत ब्राझिलियाला नेली. त्यानंतर दहाच दिवसांनी, १ मे १९६० ला, महाराष्ट्र राज्य झालं आणि राजधानी किनाऱ्यावरच्या मुंबईत राहिली. नागपूर १९५६ पर्यंत जुन्या मध्य प्रदेशची राजधानी होतं, हे नागपूरच्या मुलांना चांगलंच लागतं. राजधानी कुठे असावी, यावर माझ्या वर्गात पूर्ण तासभर भांडण झालंय, आणि त्या भांडणात नकाशा सतत उघडा होता.

नकाशावरून आठवलं. छापील आराखड्यात नावं भरणं वेगळं आणि कोऱ्या कागदावर स्वतः काढणं वेगळं. सह्याद्री, सातपुडा, गोदावरी, तापी एवढंच, रोज एकदा, पाच मिनिटं. रेषा वाकडी आली तरी चालेल. आठवडाभरात हात सरावतो, मग इतिहासाचा प्रत्येक धडा त्याच कागदावर मांडायचा.

मार्कांची काळजी तुम्हाला असणारच. इतिहास-राज्यशास्त्र ४०, भूगोल ४०, अंतर्गत २०. 'सकारण स्पष्ट करा' या प्रश्नात कारण आणि परिणाम जोडून लिहिले की पूर्ण गुण मिळतात, बावीस वर्षांत मी हेच पाहिलं.

येत्या रविवारी मुलीला झिरो माईलला, इंग्रजांच्या काळातल्या मोजणीच्या खांबापाशी, घेऊन जा. तिथल्या दगडावर समुद्रसपाटीपासूनची उंची कोरलेली आहे, १०२०.१७१ फूट. ती तिला वहीत लिहू द्या. मग घरी येऊन नागनदीचं पाणी पुढे कुठे जातं ते ॲटलासमध्ये बोटाने दाखवायला सांगा: कन्हान, वैनगंगा, प्राणहिता, गोदावरी आणि शेवटी बंगालचा उपसागर. बोट सिरोंच्याजवळ पोचलं की थांबवा आणि विचारा, इथून पुढे कोणाचं राज्य होतं?