खिडकीवर आधार मागतात तेव्हा

मागच्या अंकात घरपट्टीच्या हरकतींवर लिहिलं होतं, म्हटलं पत्रं त्याचीच येतील, तर निम्मी पत्रं वेगळ्याच काळजीची निघाली. आमची माहिती पालिकेत जाते ती पुढे कुठे जाते हो? त्यातली चार घेतेय.

प्रश्न : ताई, नातीच्या जन्माची नोंद करायला मुलगा-सून नगरपालिकेत गेले. दोघांचं आधार घेतलं ते ठीक, पण आजी-आजोबांचंही मागितलं, आणि झेरॉक्स मशीन बंद आहे म्हणून तिथल्या माणसाने सांगितलं की माझ्या व्हॉट्सॲपवर फोटो टाका. त्यांनी टाकले. असं मागता येतं का? (एक आजोबा)

काका, आधी आजी-आजोबांचं बघू. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा 1969 चा, त्यात 2023 मध्ये दुरुस्ती झाली आणि 1 ऑक्टोबर 2023 पासून ती लागू आहे. जन्माच्या नोंदीला आई-वडिलांचा आणि खबर देणाऱ्याचा आधार नंबर मागतात, तोही "असेल तर". खबर तुम्ही दिली नसेल तर तुमचं आधार कशाला लागतंय ते त्यांनाच विचारा, आणि तोंडी नको, कुठल्या नियमाने मागताय ते लिहून द्या म्हणा. माझा अनुभव असा की "लिहून द्या" म्हटलं की निम्मी कागदपत्रं आपोआप कमी होतात.

व्हॉट्सॲपचं प्रकरण मात्र मला जास्त खटकलं. तो फोन पालिकेचा नाही, त्या माणसाचा आहे, उद्या त्याची बदली होईल, फोन दुरुस्तीला जाईल, पोरं गेम खेळायला घेतील, आणि तुमच्या घरातल्या सगळ्यांचं आधार त्या गॅलरीत पडून राहील. मुख्याधिकाऱ्यांच्या नावाने साधं पत्र द्या, फोटो कुठल्या तारखेला कुणी मागवले ते लिहा, ते डिलीट केल्याचं लेखी कळवा म्हणा, आणि आपल्या प्रतीवर आवकचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. शिवाय आधारच्या अधिकृत ॲपमध्ये बायोमेट्रिक लॉक करून ठेवा, आधार कुठे-कुठे वापरलं गेलं त्याची हिस्ट्रीपण तिथे दिसते. पुढच्या वेळी मास्क्ड आधार न्या, त्यात फक्त शेवटचे 4 आकडे दिसतात, आणि झेरॉक्सवर आडवं लिहा "फक्त जन्मनोंदणीसाठी" आणि तारीख.

आता तो नवा डेटा संरक्षण कायदा, त्याच्याबद्दल खूप जणांनी विचारलंय. कायदा ऑगस्ट 2023 चा, नियम आले नोव्हेंबर 2025 मध्ये, आणि माहिती सांभाळण्याच्या मुख्य जबाबदाऱ्या 18 महिन्यांनी, म्हणजे मे 2027 च्या सुमारास लागू व्हायच्या आहेत. दाखला, परवाना, अनुदान अशा कामासाठी सरकारी ऑफिसला दर वेळी तुमची संमती लागेलच असं नाही, पण म्हणून मोकळं रानही नाही. कामापुरतीच माहिती घ्यायची, गरज संपली की ठेवायची नाही, नीट सांभाळायची, आणि शंका विचारायला कुणाशी संपर्क करायचा तेही सांगायचं, असं नियमात आहे. माहिती फुटली तर ज्यांची फुटली त्यांना कळवायचं. सांभाळण्यात हलगर्जी झाली तर दंड 250 कोटींपर्यंत, पण तो सरकारच्या तिजोरीत जातो, आपल्या हातात त्यातला रुपया येत नाही. आणि एक मोठी फट आहे बघा, हा कायदा डिजिटल माहितीचा. कपाटावर धूळ खात पडलेले झेरॉक्सचे गठ्ठे स्कॅन झाले नाहीत तर ते यात येतच नाहीत. भेळेचा कागद उलटून वाचायची सवय असेल तर मी काय म्हणतेय ते कळेल.

प्रश्न : निवडणुकीच्या वेळी वॉर्डातल्या प्रत्येक उमेदवाराचा फोन, तोही नाव घेऊन. पालिकेनेच आमचे नंबर दिले ना? (एक गृहिणी)

असेलही, पण मला दुसरीच शंका येतेय. मतदार यादी उघड असते, आणि पालिकेच्या निवडणुकीला विधानसभेचीच यादी प्रभागवार फोडून वापरतात. त्यात नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, वय, घर नंबर, ओळखपत्राचा नंबर असतो. मोबाईल नंबर नसतो! मग तो आला कुठून? जरा आठवा, संक्रांतीला वॉर्डात हळदीकुंकू झालं, पैठणीचा खेळ झाला, दारात टेबल टाकून वहीत नाव-नंबर-पत्ता लिहून घेतला, कुपन दिलं, तिळगूळ दिला. मोफत चष्म्यांचं शिबिर झालं तिथेही तीच वही. ती वही मतदार यादीला जोडायला एका पोराची एक दुपार पुरते, आणि मग तुम्ही कुठल्या खोलीत किती जणी मतदार आहात हे नगरसेवकाला तुमच्या जावेपेक्षा जास्त माहीत असतं. डिसेंबर 2025 मध्ये नगरपालिका आणि जानेवारी 2026 मध्ये महापालिका, लागोपाठ निवडणुका झाल्या तेव्हा हे फोन तुम्ही एकट्यांनीच घेतले नाहीत. वाण जरूर घ्या, वहीत नाव लिहा, नंबराचा रकाना रिकामा सोडा. कुणी हटकलंच तर "मिस्टरांचा नंबर पाठ नाही" हे चालून जातं.

प्रश्न : "घरपट्टी थकली, आज पाणी तोडणार" असा फोन आला, बिलाची रक्कम बरोबर सांगितली आणि एक फाईल पाठवली. उघडू का?

नाही!! नावाच्या शेवटी एपीके असलेली फाईल म्हणजे बिल नाही, ॲप आहे. रक्कम बरोबर होती म्हणून फसू नका, बऱ्याच ठिकाणी नाव किंवा मालमत्ता क्रमांक टाकला की थकबाकी ऑनलाइन कुणालाही दिसते. उघडून पैसे गेलेच असतील तर आत्ता, हे वाचायचं सोडून, 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

प्रश्न : घरकुलाच्या लाभार्थ्यांची यादी माहिती अधिकारात मागितली. "वैयक्तिक माहिती, देता येत नाही" असं उत्तर आलं. आमचे नंबर गावभर फिरतात आणि यांची यादी मात्र गुप्त? (निवृत्त शिक्षक)

सर, तुमचा राग शंभर टक्के पटला. झालंय असं की याच डेटा कायद्याने माहिती अधिकाराचं कलम 8(1)(ञ) बदललं आणि नोव्हेंबर 2025 पासून तो बदल लागू झाला. आधी सार्वजनिक हित असेल तर द्यावं लागेल असं त्या कलमातच होतं, आता नुसतं "वैयक्तिक माहिती" एवढंच उरलंय, त्यामुळे नाही म्हणायला सोपं झालं. ज्या कायद्याने आपलं रक्षण व्हायचं त्याच्या आडून ठेकेदार आणि बोगस लाभार्थी लपणार असतील तर कठीण आहे, माझं मत स्पष्ट आहे.

पण दोन दरवाजे अजून उघडे आहेत. कलम 8(2) तसंच आहे, सार्वजनिक हित जास्त असेल तर माहिती देता येते. आणि कलम 4(1)(ख) प्रमाणे अनुदान योजनांच्या लाभार्थ्यांचा तपशील त्यांनी न मागताच जाहीर करायचा असतो. ही दोन्ही कलमं अपिलात लिहा, आणि स्पष्ट म्हणा की मला कुणाचं आधार नको, बँक खातं नको, मोबाईल नको, फक्त नाव, वॉर्ड, मंजूर रक्कम आणि वर्ष द्या. पहिलं अपील उत्तर मिळाल्यापासून 30 दिवसांत, तिथे नाही झालं तर राज्य माहिती आयोगाकडे 90 दिवसांत. तुमच्या पत्रावरची तारीख बघता पहिल्या अपिलाला फार दिवस उरले नाहीत, या आठवड्यातच टाका.